इंदुरात मिळणारं ‘हिमालयन मेपल’: रोप उत्तम, पिशवीतली माती घातक

इंदूरच्या नर्सऱ्यांमध्ये थंडी सुरू झाली की ‘मेपल’ या एकाच नावाखाली निदान चार निरनिराळी झाडं विकायला येतात. त्यांतलं एक माळव्याच्या हवेत नीट वाढतं, एक कुंडीत जपून जगवता येतं, एक बहुतेक वेळा पहिल्याच उन्हाळ्यात जळतं आणि चौथं तर मेपल नसतंच. हा अभिप्राय मुख्यतः पहिल्याबद्दल आहे. बायपासलगतच्या एका मोठ्या नर्सरीत ते ‘हिमालयन मेपल’ म्हणून साडेसहाशे रुपयांना मिळतं. दीड-दोन फूट उंची, पेन्सिलीएवढं खोड, काळी प्लॅस्टिकची पिशवी. नर्सरीचं नाव लिहीत नाही, कारण हाच माल आणि हीच पाटी शहरात इतरत्रही दिसते आणि खाली सांगितलेले दोष सगळीकडे सारखेच आहेत.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. रोप घेण्यासारखं आहे. किंमत थोडी जास्त वाटली तरी डोंगराळ भागातून आलेल्या निरोगी रोपासाठी ती गैरवाजवी नाही. पण ज्या मातीत ते मिळतं ती बदलली नाही, तर एप्रिलमध्ये रोप वाळतं आणि दोष मात्र इंदूरच्या उन्हाला दिला जातो. शिवाय पाटीवर छापलेलं लालभडक पानांचं चित्र या झाडाचं नाही. ते पाहून घेणाऱ्याची निराशा ठरलेली आहे.

या झाडाचं शास्त्रीय नाव एसर ऑब्लाँगम. काश्मीरपासून नेपाळ, भूतान करत पुढे चीनपर्यंत ते आढळतं. हिमालयाच्या बाहेरच्या रांगांत साधारण ६०० ते २००० मीटर उंचीवर, ओलसर घळींत आणि ओढ्यांच्या काठानं ते वाढतं. इंदूर सुमारे ५५० मीटरवर आहे, त्यामुळे उंचीचा फरक फार मोठा नाही. अडचण आहे ती एप्रिल ते जूनमधल्या कोरड्या वाऱ्याची आणि आपल्या चुनखडीयुक्त, चिकट मातीची. या दोन गोष्टी सांभाळल्या की बाकी काम सोपं आहे. माळव्यात उन्हाळ्यातही रात्री बऱ्यापैकी निवतात आणि दिवसभर तापलेल्या झाडाला त्याचा खरोखर फायदा होतो. ग्वाल्हेरच्या लोकांना हेच रोप सांभाळायला दुप्पट कष्ट पडतील.

पैसे देण्याआधी ओळख पटवा

मेपल म्हटलं की कॅनडाच्या झेंड्यावरचं कातरलेलं पान डोळ्यांसमोर येतं. या झाडाचं पान तसं नसतं. ते अखंड, लांबट, टोकाकडे निमुळतं, जाडसर आणि वरून चकचकीत हिरवं असतं. त्यामुळे खरं मेपल समोर असूनही ‘हे नाही, ते लाल पानांचं द्या’ म्हणणारी गिऱ्हाइकं नर्सरीत नेहमी दिसतात. अगदी लहान रोपावर, विशेषतः बियांपासून केलेल्या, काही पानांना तीन खंड किंवा दातेरी कडा असतात. वय वाढलं की तीच फांदी अखंड पानं देऊ लागते. एकाच रोपावर दोन्ही प्रकारची पानं दिसली तर घाबरू नका, ते चांगलंच लक्षण आहे.

सगळ्यात पहिली तपासणी पानांच्या मांडणीची. मेपलच्या प्रत्येक पेरावर दोन पानं अगदी समोरासमोर निघतात आणि त्याच्या वरच्या पेरावरची जोडी आधीच्या जोडीला काटकोनात असते. फांद्याही तशाच जोडीनं फुटतात. पानं एकाआड एक निघत असतील तर ते मेपल नाही, मग पानाचा आकार कितीही हुबेहूब असो. एवढ्या एका नियमानं बाजारातली बहुतेक फसवणूक पकडता येते. मात्र वरच्या कोवळ्या शेंड्यावर जाऊ नका. तिथे पेरं दाटीनं असतात आणि मांडणी नीट कळत नाही. खोडाच्या मधल्या भागात, जुन्या पानांच्या देठांच्या खुणा पाहा. पानं गळलेली असली तरी त्या खुणा समोरासमोर दिसतात.

दुसरी तपासणी पान उलटं करून. एसर ऑब्लाँगमच्या पानाची खालची बाजू पांढरट-निळसर असते आणि अंगठ्यानं घासली की तो पांढुरका थर थोडा पुसला जाऊन खालचा हिरवा रंग दिसतो. देठापासून तीन शिरा निघतात. मधली टोकापर्यंत जाते, बाजूच्या दोन पानाच्या साधारण मध्यापर्यंत जाऊन विरतात. इथेच एक गोंधळ होतो, कारण तमालपत्राच्या रोपालाही तीन शिरांचीच पानं असतात, तीही बरीचशी समोरासमोर, आणि त्याची कोवळी पालवीही गुलाबीसर. नर्सरीत ही दोन्ही रोपं शेजारी-शेजारी ठेवलेली असतात आणि कामगार पाटी उचलून दुसऱ्याच पिशवीत खोचतात. फरक असा: तमालपत्राच्या बाजूच्या शिरा जवळजवळ टोकापर्यंत पोचतात, देठ आखूड असतो आणि पान चुरगाळलं की मसाल्याचा ओळखीचा वास येतो. मेपलचा देठ लांब आणि बारीक असतो, चुरगाळलेल्या पानाला फक्त हिरवट वास असतो.

बी मिळालं तर शंकाच उरत नाही. दोन पंखी बिया बुडाशी जोडलेल्या, प्रत्येकीला एक पातळ शिरांचा पंख, पंखासकट साधारण अडीच सेंटिमीटर. झाडावरून सुटल्यावर त्या गरगरत खाली येतात. नेपाळीत याच झाडाला फिर्फिरे म्हणतात, त्यामुळे डोंगराकडून आलेल्या पेटीवर हे नाव दिसलं तर माल बरोबर आहे असं समजा. कुळ म्हणाल तर ते रिठ्याचं आणि लिचीचं.

आता त्या चौथ्याबद्दल, जे मेपल नसतंच. ‘रेड मेपल’ म्हणून दीडशे-दोनशे रुपयांना मिळणारं, गडद जांभळट-लाल, पाच खंडांच्या पानांचं जे झुडूप सर्रास दिसतं ते जास्वंदीच्या कुळातलं, अंबाडीचं जवळचं नातलग आहे. शास्त्रीय नाव हिबिस्कस अ‍ॅसिटोसेला. पान लांबून पाहिलं तर जपानी मेपलच वाटतं. जवळून पाहा: पानं एकाआड एक, चुरगाळल्यावर बोटांना बुळबुळीतपणा, आणि खोडाची साल ओढली की दोरीसारखी लांब निघते. झुडूप वाईट नाही. इंदूरच्या उन्हात ते मजेत वाढतं, काडीपासून लागतं, कुंपणाला शोभतं. पण ते मेपल म्हणून विकू नये आणि घेणाऱ्यानं मेपल समजून दहा वर्षांच्या सावलीची आशा धरू नये. याखेरीज लिक्विडअंबर आणि चिनार हेही कधीकधी मेपलच्या रांगेत ठेवलेले असतात. दोघांचीही पानं एकाआड एक. लिक्विडअंबरचं पान चोळलं की राळेसारखा वास येतो, चिनारच्या देठाचं बूड पोकळ असून आत पुढची कळी झाकलेली असते.

पिशवीत काय आहे

नर्सरीची खरी चूक इथे आहे. रोप डोंगरातून येतं तेव्हा त्याच्या मुळांभोवती कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुशाचा) किंवा पालापाचोळ्याच्या मातीचा छोटा गोळा असतो. इथे आल्यावर तो गोळा तसाच ठेवून भोवती स्थानिक चिकट माती दाबून भरतात आणि पिशवी मोठी दिसते. परिणाम असा की पाणी घातलं की ते बाहेरच्या मातीतून खाली जातं, मधला गोळा कोरडाच राहतो. कोकोपीट एकदा पूर्ण वाळलं की पाणी सहजासहजी शोषत नाही. वरून माती ओली, तळातून पाणी टपकतंय, आणि रोप मात्र तहानेनं मरतंय. मालक मग आणखी पाणी घालतो आणि बाहेरच्या चिकट मातीत शिरलेली थोडीशी मुळंही कुजतात.

हे तपासायला बांबूची बारीक काडी पुरते. खोडापासून दोन बोटं अंतरावर ती गोळ्याच्या मध्यापर्यंत खुपसा, दहा मिनिटांनी काढा. काडीचा वरचा भाग ओलसर गडद आणि टोक कोरडं फिकट निघालं तर रोग हाच.

म्हणून रोप आणल्यावर आठ-दहा दिवस सावलीत ठेवून मग माती बदला. योग्य काळ डिसेंबर ते जानेवारीचा मध्य. पिशवी ब्लेडनं उभी कापा, ओढून काढू नका. आख्खा गोळा पाण्याच्या बादलीत बुडवा आणि बुडबुडे थांबेपर्यंत, साधारण अर्धा तास, तसाच ठेवा. मग बाहेरची चिकट माती हातानं सोडवा. पिशवीच्या कडेनं गोल फिरलेली मुळं कात्रीनं कापा. ती तशीच ठेवली तर पुढे खोडालाच फास बसतो. एकूण मुळांच्या चौथ्या हिश्शाहून जास्त मात्र कापू नका. खोड जिथे रुंद होऊन मुळं सुरू होतात ती जागा शोधा. बहुतेक पिशव्यांत ती तीन-चार सेंटिमीटर मातीखाली गाडलेली असते. नव्या कुंडीत ती मातीच्या वर दिसली पाहिजे, नाहीतर पावसाळ्यात साल कुजते.

कुंडी बारा इंची मातीची घ्या. मिश्रण मापानं असं: चार भाग कुजलेला, चाळलेला पालापाचोळा, तीन भाग तीन ते सहा मिलिमीटर जाडीचा मुरूम, दोन भाग बागेतली माती आणि एक भाग वर्षभर जुनं शेणखत. वर एक मूठ, म्हणजे साधारण पन्नास ग्रॅम, निंबोळी पेंड. मुरूम चाळून धुवायचा, बारीक भुकटी त्यात राहू द्यायची नाही. आणि माळव्यातला मुरूम वापरण्याआधी एक परीक्षा जरूर करा: मूठभर खडे वाटीत घेऊन त्यावर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस टाका. फेस आला तर त्यात चुनखडी आहे. तो मुरूम मेपलला चालणार नाही, दुसरीकडून आणा. कुंडीच्या तळाला विटांचे तुकडे रचायची पद्धत आहे, तीही इथे टाळा. त्यानं पाणी लवकर निघत नाही, उलट पाण्याची साठलेली पातळी मुळांच्या जवळ येते. भोकावर जाळीचा एक तुकडा पुरे.

नर्सरीनं हे मिश्रण स्वतःच करून रोपाची किंमत शंभर रुपयांनी वाढवली असती तर आम्ही आनंदानं दिली असती.

पाणी आणि पिवळी पडणारी पानं

मेपलला किंचित आम्ल माती लागते, सामू (पीएच) साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान. इंदूरची काळी माती साडेसातच्या वर असते आणि बोअरचं पाणी जड. मिश्रण कितीही छान केलं तरी वर्षभर बोअरचं पाणी घातलं की सामू चढतोच. तो चढला की लोह मातीत असूनही मुळांना मिळत नाही. नवी पानं फिकट पिवळी येतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. नळाला येणारं नर्मदेचं पाणी त्या मानानं बरं. सगळ्यात उत्तम पावसाचं. इंदुरात वर्षाला साधारण ९५० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यामुळे गच्चीवरून येणाऱ्या पाइपाखाली दोनशे लिटरचा झाकणाचा पिंप ठेवला तर एका कुंडीची बरीच सोय होते.

बोअरशिवाय पर्याय नसेल तर दहा लिटरच्या बादलीत दोन ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवून सामूच्या पट्टीनं तपासा आणि साडेसहाच्या आसपास येईपर्यंत थोडं-थोडं वाढवा. व्हिनेगरचा अंदाजे शिडकावा करू नका. पट्टीशिवाय हे काम करायचंच नाही.

लोहाची कमतरता दिसली की दुकानदार हमखास हिराकस (फेरस सल्फेट) किंवा ‘चिलेटेड आयर्न’चं, म्हणजे मातीत चटकन बांधलं जाऊ नये म्हणून दुसऱ्या संयुगात धरून ठेवलेल्या लोहाचं, स्वस्त पाकीट देतो. हिराकस अल्कधर्मी मातीत टाकलं की लगेच बांधलं जातं, उपयोग शून्य. चिलेटेड लोहातही दोन प्रकार आहेत. ईडीटीए प्रकारचं लोह सामू साडेसहाच्या वर गेला की सुटून जातं. ते फवारणीला ठीक, लिटरला अर्धा ग्रॅम, संध्याकाळी. मातीत घालायला ईडीडीएचए प्रकारचंच घ्या. ते नऊ सामूपर्यंत टिकतं. लालसर दाणे असतात, लिटरला एक ग्रॅम विरघळवून बारा इंची कुंडीला दोन लिटर द्यायचे, महिन्यातून एकदा, फार तर दोनदा. महाग आहे पण पंधरा दिवसांत नव्या पानांत फरक दिसतो. आधी पिवळी पडलेली जुनी पानं पूर्ण हिरवी होतीलच असं नाही, नव्या पालवीवर लक्ष ठेवा.

खत कमीच. फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि मग जुलै ते सप्टेंबर, विद्राव्य १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखंच असलेलं खत) लिटरला एक ग्रॅम, तीन आठवड्यांतून एकदा. एप्रिलच्या मध्यापासून पाऊस येईपर्यंत काहीच नाही. उन्हाळ्यात युरिया दिला की कोवळी पालवी फुटते आणि आठवड्याभरात करपते.

लू

‘फुल सन में चलेगा’ असं नर्सरीत ठामपणे सांगतात. चालत नाही. निदान पहिली तीन वर्षं तरी नाही. घराच्या पूर्वेला, सकाळी दहा-साडेदहापर्यंत ऊन आणि नंतर भिंतीची सावली, ही जागा आदर्श. तशी नसेल तर मार्चअखेरीस पन्नास टक्के सावलीची हिरवी जाळी बांधा, वरून आणि पश्चिमेकडूनही. नुसती वरची जाळी पुरत नाही, कारण नुकसान उन्हापेक्षा लू, म्हणजे उन्हाळ्यातला कोरडा गरम वारा, जास्त करते. पान जितक्या वेगानं पाणी सोडतं तितक्या वेगानं मुळं ते पुरवू शकत नाहीत, म्हणून पान टोकाकडून आणि कडांकडून वाळत येतं.

दुसरी गोष्ट लोक विसरतात ती कुंडीच्या तापण्याची. काळी प्लॅस्टिकची कुंडी दुपारच्या उन्हात पश्चिमेच्या बाजूनं इतकी तापते की त्या बाजूची मुळं अक्षरशः शिजतात. उन्हाळ्याआधी बारा इंची कुंडी अठरा इंची मातीच्या कुंडीत ठेवा, मधल्या फटीत वाळू भरा आणि ती वाळू संध्याकाळी ओली करा. मातीच्या वर पाच-सात सेंटिमीटर वाळलेल्या पानांचं आच्छादन, खोडापासून चार बोटं दूर. पाणी सकाळी सातच्या आत, तळातून निघेपर्यंत. दुपारी पान मलूल दिसलं म्हणून लगेच पाणी ओतू नका. आधी काडी घालून पाहा. माती ओली असेल आणि सूर्य कलल्यावर पान सावरत असेल तर काही करायचं नाही.

करपण्याचे प्रकार वेगळे ओळखता आले पाहिजेत, कारण उपाय वेगळे आहेत. पश्चिमेकडच्याच पानांच्या कडा तपकिरी, कुरकुरीत झाल्या तर लू. फक्त जुन्या, खालच्या पानांची टोकं एकसारखी जळली आणि कुंडीच्या काठावर पांढरी पुटं चढली तर क्षार साठलेत. कुंडीच्या मापाच्या दुप्पट पावसाचं किंवा नळाचं पाणी हळूहळू सोडून धुऊन काढा. आणि माती ओली असूनही सगळं झाड लोंबत असेल तर मुळं कुजली आहेत. गोळा काढून एक मूळ चिमटीत धरून ओढा: साल सुटून आतला पांढरा दोराच हातात आला तर ते मूळ मेलेलं आहे. अशी सगळी मुळं निरोगी भागापर्यंत कापा, नव्या मिश्रणात लावा, ट्रायकोडर्मा (मुळं कुजवणाऱ्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) लिटरला दहा ग्रॅम घेऊन ओता आणि दोन आठवडे पूर्ण सावलीत ठेवा. खत अजिबात नाही.

अर्धवट करपलेली पानं तोडू नयेत. उरलेला हिरवा भाग काम करत असतो आणि खालच्या पानांवर सावलीही धरतो.

जमिनीत लावायचं असेल तर

एक उन्हाळा कुंडीत काढल्यावर, पहिले दोन-तीन मोठे पाऊस झाले की जुलैच्या सुरुवातीला. आपल्याकडे दोन फुटांचा खड्डा खणून त्यात वाळू-खत भरायची सवय आहे. काळ्या मातीत असा खड्डा म्हणजे पावसाळाभर भरलेला हौद होतो, कारण भोवतालची फुगलेली माती पाणी बाहेर जाऊच देत नाही. आधी दीड फुटाचा खड्डा दोनदा पाण्यानं भरून पाहा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी पाच तासांनंतरही उभं असेल तर खड्ड्यात लावूच नका. पाच फूट रुंद आणि दीड फूट उंच उंचवटा करा आणि त्यावर रोप लावा. भिंतीपासून चार-पाच मीटर अंतर ठेवा. डोंगरात हे झाड पंधरा मीटरपर्यंत जातं. इथे ते त्याहून कमी वाढेल असं धरलं तरी घेर मोठा होतो.

वाळवी असेल तिथे कच्चं शेण किंवा लाकडाचा भुसा आच्छादनाला वापरू नका. मावा कोवळ्या पालवीवर फेब्रुवारीत येतो, पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं जातो.

छाटणी नोव्हेंबरअखेर ते डिसेंबरच्या मध्यात. फेब्रुवारीत केली तर कापलेल्या जागेतून रस गळत राहतो. फांद्या जोडीनं फुटत असल्यामुळे शेंडा दुभंगायची शक्यता नेहमी असते. सरळ खोड हवं असेल तर शेंड्याच्या दोन फुटव्यांपैकी एक वेळीच काढून टाका.

रंगाबद्दल स्पष्ट सांगायला हवं. हे झाड जवळजवळ वर्षभर हिरवं राहतं. शरद ऋतूत लाल होत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये नवी पालवी तांबूस-गुलाबी येते, तेवढाच रंग, आणि तोही सुंदर असतो.

याच नर्सरीतला बाकीचा माल

लाल पानांचं कलमी जपानी मेपल, एसर पामाटम, अडीच हजारांच्या पुढे. घेऊ नका. त्याला खरी, लांब थंडी लागते. इंदुरात जानेवारीतही दुपारी पंचवीस-सव्वीस अंश असतात, त्यामुळे झोप पुरी होत नाही आणि कळ्या अर्ध्यामुर्ध्या फुटतात. पातळ पानं मार्चअखेरीसच करपू लागतात. शिवाय कलम वरून मेलं की खालच्या खुंटाला साधी हिरवी फूट येते आणि मालकाला वाटतं झाड वाचलं.

लाल पालवीचीच हौस असेल तर कोशिंब लावा. तो मेपलच्याच कुळातला, आपल्या जंगलांतला वृक्ष आहे, आणि फाल्गुन-चैत्रात त्याची नवी पालवी अशी लालबुंद येते की लांबून फुलोरा वाटावा. पूर्ण ऊन, काळी माती, लू, सगळं तो सोसतो.

तीन खंडांच्या पानांचं ट्रायडेंट मेपल, एसर बुर्गेरिएनम, बोन्सायसाठी येतं. कुंडीत, जाळीखाली, वरच्याच मातीच्या नियमांनी जगतं. घेताना तार खोडात रुतलेली नाही ना आणि मुळं चारी बाजूंनी पसरलेली आहेत ना, एवढं पाहा.

बियांची पाकिटं काउंटरवर टांगलेली असतात. ‘ब्लू मेपल’, ‘रेनबो मेपल’ अशी नावं दिसली तर हात लावू नका. निळ्या पानांचं मेपल नसतंच. ट्रायडेंटचं बी खरं असलं तरी आधी एक-दोन बिया उभ्या कापून पाहा. आत हिरवट, घडी घातलेला गर्भ हवा. पुष्कळ बिया पोकळ निघतात. बरं बी पंख काढून दोन दिवस पाण्यात भिजवा, ओलसर धुतलेल्या वाळूत मिसळून पिशवीत बंद करा आणि फ्रिजमध्ये चार-पाच अंशांवर सत्तर ते नव्वद दिवस ठेवा. पिकणारी फळं जवळ नकोत. दर आठवड्याला बुरशी पाहा. सप्टेंबरच्या मध्यात हे केलं तर डिसेंबरात पेरता येतं आणि उन्हाळ्याआधी रोपाला तीन महिने मिळतात. उगवल्यावर आधी दोन अरुंद बीजपत्रं येतात, त्यानंतरची खरी पानं जोडीनंच आली पाहिजेत. एकाआड एक आली तर पाकिटात दुसरंच काही होतं.

सेवा

कामगार अदबीनं बोलतात, रोप हातात घेऊन पाहू देतात, पिशवीतून गोळा सरकवून दाखवायलाही तयार होतात. ही मोठी गोष्ट आहे. घरपोच टेंपोचं भाडं वेगळं पडतं. उघड्या टेंपोत रोप उभं नेलं तर वाऱ्यानं पानं फाटतात, म्हणून वर ओलं गोणपाट गुंडाळायला सांगा. सांगितलं तर करतात, आपण होऊन करत नाहीत.

रोप बदलून देण्याची मुदत पंधरा दिवसांची आहे आणि ती पावतीवर छापलेली असते. डिसेंबरात घेतलेल्या मेपलचं दुखणं मार्चनंतर उघड होतं, तेव्हा या मुदतीचा उपयोग फक्त चुकीचं झाड हाती आलं तर होतो. म्हणून पावतीवर नुसतं ‘मेपल’ न लिहिता ‘एसर ऑब्लाँगम’ असं लिहून घ्या. विचारलं की देतात. घरी आणल्यावर त्याच दिवशी पानांची मांडणी आणि शिरा पुन्हा तपासा, आणि तमालपत्र निघालं तर पावती घेऊन परत जा.

रोपाला पाचपैकी चार, ओळख-पाटीला एक, मातीला शून्य.